कारखाना कशास म्हणावें?

कायद्याचें कोणतेंहि पुस्तक उघडलें तर पहिलीं कांहीं पानें व्याख्यांचीं असतात, आणि सामान्य वाचक तीं न वाचतांच पुढें जातो. अमुक शब्दाचा अर्थ अमुक समजावा, यांत वाचण्यासारखें तें काय असणार, असें त्यास वाटतें. वकील व कारखानदार मात्र प्रथम तींच पानें पाहतात; कारण पुढचीं शंभर कलमें आपणांस लागू आहेत कीं नाहींत, हें तेथेंच ठरत असतें. कामगारांच्या जीविताच्या रक्षणासाठीं आपल्या देशांत जे कायदे झाले, त्यांचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे तो बराचसा या व्याख्यांच्या पानांचाच इतिहास आहे, असें आढळून येतें. कारखाना कशास म्हणावें, कामगार कोणास म्हणावें आणि मालक कोण, या तीन साध्या प्रश्नांचीं उत्तरें जसजशीं बदलत गेलीं, तसतशीं हजारों माणसें कायद्याच्या छायेखालीं आलीं किंवा तिच्या बाहेर राहिलीं.

रत्नागिरींत बसून हा विषय काढण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. मुंबईसारखीं गिरण्यांचीं धुराडीं आमच्या जिल्ह्यांत कधीं उभीं राहिलीं नाहींत, ही गोष्ट खरी. परंतु त्या धुराड्यांखालीं राबणारा माणूस मोठ्या संख्येनें येथूनच गेला. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिली कापडगिरणी काढली, आणि पुढील साठ-सत्तर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा हे भाग गिरण्यांनीं व चाळींनीं भरून गेले. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईच्या वस्तींतील दर पांच माणसांमागें जवळजवळ एक माणूस रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेला होता. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा बराच भाग त्या वेळीं रत्नागिरींतच मोडत असे, हें येथें ध्यानांत ठेवावें. बंदराबाहेर आगबोट उभी राही, पडावांतून माणसें तिच्यावर चढत, आणि कांहीं महिन्यांनीं गांवीं मनीऑर्डर येऊं लागे. ती अकस्मात् बंद झाली म्हणजे घरच्या माणसांच्या मनांत ज्या शंका येत, त्यांत यंत्रांत हात सांपडल्याची शंका नेहमींच असे.

त्या काळच्या गिरणीची रचना पाहिली म्हणजे ही शंका अवास्तव नव्हती हें कळून येईल. वाफेच्या एका मोठ्या एंजिनाची शक्ति छताशीं फिरणाऱ्या लोखंडी दांड्यांस दिलेली असे, आणि त्या दांड्यांवरून चामड्याचे पट्टे खालीं प्रत्येक सांच्यापर्यंत आलेले असत. पट्टा निसटला तर तो पुन्हा चढविण्यासाठीं एंजिन थांबवावें लागे, आणि एंजिन थांबलें म्हणजे सारें खातें थांबे. म्हणून पट्टा फिरत्या चाकावरच चढवीत, आणि सांच्याखालचा कापूसहि सांचा चालू असतांनाच झाडीत. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा लहान मुलाचा हात दांत्यांत जाण्यास एक क्षण पुरे होई. चाकाभोंवतीं जाळी बसविली तर हें टळण्यासारखें होतें. परंतु जाळीस पैसा लागतो, आणि जाळी काढून पट्टा चढविण्यास वेळ लागतो. एवढ्या लहानशा गोष्टींत पुढचा सारा वाद सांठविलेला आहे.

मुंबई सरकारनें १८७५ सालीं गिरण्यांच्या चौकशीसाठीं एक मंडळ नेमलें. त्यांत दिनशा माणेकजी पेटिट व मोरारजी गोकुळदास यांच्यासारखे गिरण्यांचे धनी स्वतःच बसले होते, आणि मंडळाच्या बहुमतानें असा अभिप्राय दिला कीं, कायद्याची गरज नाहीं. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी सद्गृहस्थांस तो अभिप्राय पटला नाहीं. त्यांनीं १८७८ सालीं कायद्याचा मसुदा पुढें मांडला. तो मान्य झाला नाहीं. अखेर १८८१ सालीं हिंदुस्थान सरकारनें पहिला कारखान्यांचा कायदा केला. त्यांत कारखान्याची व्याख्या अशी होती कीं, जेथें यांत्रिक शक्तीचा उपयोग होतो, जेथें १०० किंवा अधिक माणसें कामास असतात, आणि जेथें वर्षांतून निदान चार महिने काम चालतें, तो कारखाना. चहा, कॉफी व नीळ यांच्या मळ्यांचीं कामें त्यांतून वगळलीं होतीं. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊं नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, धोक्याच्या यंत्रास कुंपण घालावें आणि अपघाताची खबर द्यावी, एवढाच त्याचा सारांश. वयांत आलेल्या माणसानें किती तास राबावें, याविषयीं कायदा मुळींच बोलत नव्हता.

आतां ही व्याख्या मालकाच्या नजरेनें वाचून पाहावी. जेथें ९९ माणसें आहेत तेथें यंत्राचे दांते बोथट असतात असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु कायद्यापुरता तेथें कारखानाच नव्हता. कापसाच्या हंगामापुरते चालणारे जिन चार महिन्यांच्या अटीमुळें बहुतेक सुटले. खानदेशांतील अशा जिनांत बाया पहांटेपासून रात्रीपर्यंत राबत असत, ही हकीकत १८८४-८५ च्या चौकशींत उघड झाली. तरी व्याख्येचा अर्थ लावणारानें कोणताहि खोटा अर्थ लावला नव्हता. त्यानें फक्त शब्द मोजले होते.

या ठिकाणीं आम्हां लेखणी धरणाऱ्यांस खालीं मान घालावी लागते. त्या काळच्या आमच्या वर्तमानपत्रांनीं या कायद्यास बहुतांशीं विरोध केला. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ हीं पत्रें १८८१ च्या जानेवारींतच सुरू झालीं होतीं. त्यांनींहि कारखान्यांच्या कायद्यांकडे संशयानेंच पाहिलें. बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म १८५६ सालीं रत्नागिरीचा, आणि ज्यांच्यासाठीं हा कायदा होता त्यांतील कितीतरी माणसेंहि याच जिल्ह्याचीं. एका मातींतलीं हीं दोन प्रकारचीं माणसें या प्रश्नावर समोरासमोर आलीं. संशयास कारण नव्हतें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. मुंबईचा माल महाग व्हावा, अशी लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची इच्छा होती आणि कायद्यासाठीं विलायतेंत जो गलबला झाला त्यांत त्यांचा आवाज मोठा होता. परंतु औषध देणाराचा हेतु शुद्ध नसला म्हणून रोग्याचा रोग खोटा ठरत नाहीं. चाक मँचेस्टरच्या फायद्यासाठीं झांकलें काय किंवा भूतदयेनें झांकलें काय, हात वांचावयाचा तो वांचतोच. देशी धंद्याचें रक्षण करण्याच्या भरांत त्या धंद्यांतील देशी माणसाचें रक्षण मागें पडलें, ही चूक मोठ्या माणसांच्या हातून झाली, म्हणून ती लहान होत नाहीं. पुढें १९०८ च्या जुलैंत टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हां मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें. त्या दिवसांत आपल्या मजुरीस मुकलेल्या माणसांनीं जुना हिशेब मनांत ठेवला नाहीं, हें त्यांचें औदार्य होय.

त्या विरोधाच्या काळांत कामगारांची बाजू मांडणारा मराठी माणूस नव्हता असें नाहीं. ‘दीनबंधु’ पत्राचे चालक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ च्या सप्टेंबरांत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि पांच हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज सरकारपुढें ठेवला. त्यांतील मागण्या पांच. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम आणि मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, या चार मागण्या पुष्कळांस माहीत असतात. पांचवी मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. ती अशी कीं, कामावर दुखापत झालेल्या माणसास बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, आणि तो जन्माचा लुळा झाल्यास त्याच्या पोटाची सोय व्हावी. १८९० च्या जूनमध्यें गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. परंतु या पांचव्या मागणीस कायद्याचें रूप येण्यास १९२३ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. मागणी व कायदा यांच्यामध्यें ३९ वर्षें गेलीं. तेवढ्या अवधींत कामगारांची एक पिढी गिरणींत येऊन परत गेली.

दरम्यान व्याख्येंतील आंकडा हळूहळू खालीं उतरत होता. १८९१ च्या कायद्यानें १०० चे ५० केले. १९२२ सालीं ५० चे २० झाले, आणि प्रांतिक सरकारास वाटल्यास दहा माणसांच्या जागेसहि कायदा लावण्याची मोकळीक मिळाली. १९३४ च्या कायद्यानें बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ केले. १९४६ सालीं ते ४८ झाले. त्या शेवटच्या दुरुस्तीच्या वेळीं हिंदुस्थान सरकारच्या मजूर खात्याची सूत्रें डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या हातीं होतीं. त्यांचें मूळ गांव मंडणगड तालुक्यांतील आंबडवे, म्हणजे पुन्हा रत्नागिरी जिल्हाच. ज्या जिल्ह्यानें या कायद्यांचा एक प्रबळ विरोधक दिला, त्याच जिल्ह्यांतील घराण्यानें साठ-पासष्ट वर्षांनीं त्यांचा एक खंबीर कर्ता दिला. या योगांत इतिहासाचा न्याय आहे असें आम्ही समजतों.

स्वातंत्र्यानंतरचा १९४८ चा कायदा १ एप्रिल १९४९ पासून अमलांत आला. यांत्रिक शक्ति असल्यास १० आणि नसल्यास २० कामगार, ही त्याची मर्यादा. चार महिन्यांची जुनी पळवाट त्यांत उरली नव्हती. मागील बारा महिन्यांतील कोणत्याहि एका दिवशीं तेवढीं माणसें कामावर होतीं, एवढें पुरे होतें. आंब्याच्या हंगामापुरता चालणारा डबाबंद फळांचा कारखाना अशा व्याख्येंतून केवळ हंगामाच्या सबबीवर निसटूं शकत नव्हता. याहून लहान जागेसहि कायदा लावण्याचा अधिकार राज्य सरकारांस दिला होता. तरी शब्दांचा अर्थ लावण्याचें काम थांबलें नाहीं. तें न्यायालयांत जाऊन पोंचलें.

मुंबईच्या वडाळा येथील मिठागराच्या चालकावर परवान्यावांचून कारखाना चालविल्याचा खटला झाला. येथें इमारत कोठें आहे, उघड्या जमिनीस कारखाना कसें म्हणावें, आणि समुद्राच्या पाण्याचें मीठ तर सूर्य करतो, असा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयानें १९६१ सालीं तो मान्य केला नाहीं. उघडी जमीनहि कामाची जागा होऊं शकते, आणि पाणी घेणें, अडविणें, मीठ गोळा करणें हें माणसाचेंच काम आहे, असें ठरलें. उलट विड्या वळणाऱ्यांच्या बाबतींत निवाडे दोहोंकडे गेले. नागपूरच्या एका प्रकरणांत कारखान्यांत बसून विड्या वळणारे लोक कामगार ठरले. शंकर बालाजी वाजे यांच्या प्रकरणांत मात्र, माणूस आपल्या सोयीनें येतो-जातो आणि विड्यांच्या संख्येवर पैसे घेतो, सबब तो कामगार नव्हे, असा बहुमताचा निर्णय झाला. न्यायमूर्ति सुब्बाराव यांनीं वेगळें मत नोंदविलें. या दोन्ही वादांत प्रश्न रजेच्या पगाराचा होता हें खरें. परंतु जो माणूस कायद्याच्या दृष्टीनें कामगारच ठरला नाहीं, त्याच्यापर्यंत रजाहि पोंचत नाहीं आणि कारखान्याच्या कायद्याचें बाकीचें रक्षणहि डळमळतें. अखेर १९६६ सालीं विडीकामगारांसाठीं संसदेस स्वतंत्र कायदा करावा लागला.

कोंकणांतील वाचकांच्या मनास लागेल असा आणखी एक निवाडा येथें सांगतों. सौराष्ट्रांत पोरबंदरपाशीं मिठागरावरचे मजूर काम आटोपून परत येतांना खाडी ओलांडीत होते. नाव उलटली व माणसें बुडालीं. भरपाई मिळावयाची तर मृत्यु कामाच्या ओघांत घडलेला असावा लागतो. तर सर्व लोकांसाठीं होती, मालकाची नव्हती, म्हणून मजूर नावेंत बसला तेव्हां त्याचें काम संपलेलें होतें, असें १९५८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. पुढें मुंबईच्या एका बसचालकाचें प्रकरण आलें. काम संपवून तो आपल्याच उपक्रमाच्या बसनें घरीं निघाला असतां अपघातांत मेला. आणि ही बसची सवलत त्याच्या कामाचाच भाग होती, असें मानून त्याच्या विधवेस भरपाई योग्य ठरली. घरीं परतणारा माणूस दोन्हीकडे सारखाच. फरक वाहन कोणाचें एवढाच होता. ज्या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या माणसें तरींतून कामास गेलीं, तेथें हा फरक समजावून सांगणें कठीण जाईल.

कायद्याच्या पोटांतील शब्दांचीहि हीच कथा आहे. यंत्राचे धोक्याचे भाग सुरक्षित रीतीनें झांकलेले असावेत, असें कलम सांगतें. सुरक्षित म्हणजे किती? इंग्लंडांत १९५५ सालीं असा प्रश्न आला कीं, सहाणेचें फिरतें चाक पुरें झांकलें तर त्यावर कांहीं घांसतांच येणार नाहीं. मग थोडी फट ठेवली तर चालेल काय? फटींतून एका कामगाराचा आंगठा गेला होता. तेथील लॉर्डांच्या सभेनें निकाल दिला कीं, फट राहिली म्हणजे झांकण सुरक्षित नाहीं. यंत्र वापरतां येत नसेल तर ती अडचण मालकाची आहे. याच्या उलट टोकास ‘व्यवहारतः शक्य असेल तेवढें’ हे शब्द आहेत. आपल्याकडे १९८७ च्या दुरुस्तीनें मालकाचें सामान्य कर्तव्य सांगतांना हे शब्द कायद्यांत घातले. त्यांचा अर्थ प्रामाणिक माणूस ‘होईल तितकें अधिक’ असा लावतो, आणि दुसरा ‘भागेल तितकें कमी’ असा लावतो. चालत्या यंत्राजवळ जाणारा माणूस शिकवून तयार केलेला असावा व त्यास मालकानें अंगाबरोबर बसणारे कपडे द्यावेत, असेंहि १९४८ च्या कायद्यांत होतें. धोतराच्या सोग्यानें गेलेल्या जुन्या जीवांची आठवण या एका वाक्यांत आम्हांस दिसते.

राहिला तिसरा प्रश्न, मालक कोण हा. कायदा ज्यास जबाबदार धरतो त्यास तो भोगवटादार म्हणतो. म्हणजे कारखान्याच्या कारभारावर ज्याचा अंतिम ताबा आहे तो. कंपन्यांनीं यावर सोपी युक्ति काढली. ठराव करून एखाद्या पगारी अधिकाऱ्यास भोगवटादार नेमावें. खटला झाला तर तो उभा राहील. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळची विषारी वायूची दुर्घटना घडली. त्यानंतर १९८७ सालीं कायदा बदलला आणि कंपनीच्या संचालकांपैकींच एकास भोगवटादार मानावें असें ठरलें. मालकवर्गानें त्यास आव्हान दिलें. परंतु १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती कायम केली. ज्याच्या हातीं तिजोरीची किल्ली आहे त्यानेंच जाळीचा खर्च करावयाचा असतो, म्हणून उत्तरहि त्यानेंच द्यावें, हें साधें तत्त्व कायद्यांत येण्यास १८८१ पासून १०६ वर्षें लागलीं.

आमचा जिल्हा आतां केवळ माणसें पाठविणारा राहिलेला नाहीं. खेड तालुक्यांत लोटे-परशुराम येथें रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. गांवोगांव काजू फोडण्याचे व फळें टिकविण्याचे छोटे कारखाने आहेत. काजूच्या टरफलांतील तेलानें बायकांचे हात भाजतात, आणि हातमोजे घातले तर फोडणी मंदावते म्हणून पुष्कळजणी ते घालीत नाहींत. त्यांना मजुरी बहुधा वजनावर मिळते. विड्यांच्या निवाड्यांतील तोच प्रश्न येथें निराळ्या वेषांत उभा आहे. अशा वेळीं २०२० सालीं संसदेनें संमत केलेल्या संहितेनें कारखान्याच्या व्याख्येंतील १० व २० हे आंकडे वाढवून २० व ४० केले. १८८१ पासून उतरत आलेला आंकडा आतां वर चढला. संहितेचीं सामान्य कर्तव्यें दहा कामगारांच्या संस्थेसहि लागू होतात, आणि जिवावरच्या कामास संख्येची अट सोडण्याचा अधिकार सरकारनें ठेवला आहे, हेंहि न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. पण त्या अधिकाराचें फळ तो कितपत वापरला जातो यावर अवलंबून राहील.

कायद्याचा अर्थ मालकांस समजावून देणाऱ्या संस्था व सल्लागार आज पुष्कळ आहेत, आणि त्यांची गरजहि आहे. परंतु मालक त्यांच्याकडे कोणता प्रश्न घेऊन जातो, याला अधिक महत्त्व आहे. ‘हा कायदा आम्हांस लागू होतो काय?’ हा प्रश्न १८८१ पासून विचारला जात आहे, आणि त्याचें उत्तर माणसें मोजून देतां येतें. ‘आमच्या यंत्रांत कोणाचा हात जाऊं शकतो काय?’ याचें उत्तर मोजून मिळत नाहीं; त्यासाठीं यंत्रापाशीं जाऊन उभें राहावें लागतें. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं छापखाना, कलमांची बाग, काजूची वखार किंवा गाड्या दुरुस्त करण्याचा कारखाना असेल, आणि तेथें चारच माणसें कामास असतील. कायद्याच्या भाषेंत तो कारखाना नसेल. त्या चौघांच्या घरीं मात्र तो कारखानाच आहे, आणि संध्याकाळीं माणूस परत येईपर्यंत तेथें कोणीतरी वाट पाहत असतें.